पक्का रंग

आमच्या दुकानात नवीन माणूस लागला की त्याला आधी साडीची घडी शिकवत नाहीत, हसायला शिकवतात. मगदूमअण्णांचा तसा दंडकच होता. गादीवर बसताना पाठ ताठ, मांडी नीट आणि तोंडावर हसू. गिऱ्हाइकाने चाळीस साड्या उलगडायला लावल्या आणि "बघतो हं" म्हणून काही न घेता ते उठलं, तरी रस्त्याच्या गर्दीत दिसेनासं होईपर्यंत हसू मावळू द्यायचं नाही. घरी काही बरंवाईट झालं असेल तर ते चपलांबरोबर बाहेर ठेवायचं आणि जाताना पायात घालून न्यायचं, असं अण्णा म्हणायचे. मी ही विद्या चांगलीच उचलली. माझे वडील वारले तेव्हा चौदाव्या दिवशी, डोक्यावर नुसते खुंट उगवलेले असताना, मी एका लग्नाचा अख्खा बस्ता हसत हसत पार पाडला. नवरीची आई अण्णांना म्हणाली होती, तुमचा हा माणूस फार आनंदी दिसतो.

पुढे दुकानांत आरसे आले. समोर उभं राहिलं की बाईला ती साडी आपल्या अंगावर दिसते. उलगडायला नको, घड्या घालायला नकोत. सांगलीतल्या गाद्यांवरची माणसं एकेक करून कमी झाली. आमच्याकडे पाचांतला मी एकटा राहिलो तो या हसण्याच्या जोरावर. कितीही चांगला आरसा असला तरी तो गिऱ्हाइकाकडे बघून हसत नाही, असं अण्णा सगळ्यांना सांगत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. मलाही ते आवडायचं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या आळसामुळे किंवा दुष्टपणामुळे झालं नाही. मला जे उत्तम येत होतं तेच मी केलं.

माझी मुलगी जुई सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली. एकाहत्तर दिवस ती काचेच्या पेटीत होती. जगली, वाढली, चालायला लागली; ऐकू येत होतं, दिसत होतं. पण अडीच वर्षांची झाली तरी माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. मी समोर बसलो तर ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघायची. प्रणाली, माझी बायको, वाचनालयातलं काम उरकून घरी आली की रोज भातुकली मांडून बसे. लुटुपुटूचा चहा ओतायची, फुंकर घालायची, कप पुढे करायची. जुई कप घ्यायची, आडवा करायची आणि फरशीवर गोल गोल फिरवत बसायची. आई म्हणून हाक नाही, रुसणं नाही, हट्ट नाही. हट्ट न करणारं मूल घरात असलं की किती भीती वाटते हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मिरजेच्या एका केंद्रात नवा उपचार सुरू झाला होता. तिथल्या डॉक्टर इनामदार पन्नाशीच्या, मोकळ्या बोलण्याच्या बाई. त्यांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. जन्मल्यानंतरच्या काळात मुलाच्या मेंदूत जोडण्या भराभर होतात आणि मोडतात. आईचा चेहरा, बापाचा आवाज, खेळ, मांडी, यांतूनच त्या होतात. मग मेंदूतल्या काही पेशींभोवती एक बारीक जाळी धरते. ती धरली की झालेल्या जोडण्या घट्ट होतात आणि न झालेल्या राहून जातात. जुईच्या बाबतीत चेहरा वाचायची जोडणी व्हायची वेळ पेटीत निघून गेली होती. तिथे तिला चेहरा दिसला तो मास्क लावलेला. आता असं औषध निघालं होतं की ती जाळी ठरावीक भागापुरती विरघळते. बेचाळीस दिवस मेंदूचा तेवढा भाग पुन्हा तान्ह्या मुलासारखा होतो. त्या दिवसांत जे मिळेल ते तो घेतो, आणि मग जाळी पुन्हा धरते.

"म्हणजे कापड परत ओलं करायचं, नवा रंग चढवायचा आणि पक्का करायचा," मी म्हणालो.

बाईंना ते इतकं आवडलं की पुढे इतर पालकांनाही त्या तसंच सांगायला लागल्या. फक्त एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. हे एकदाच करता येतं. दुसऱ्यांदा जाळी विरघळवली तर आधीच्या चांगल्या जोडण्याही निसटतात. उंदरांमध्ये तसं झालं होतं, आणि ते उंदीर चालायचंही विसरले होते.

औषध नुसतं वाट मोकळी करणार होतं. जोडणी व्हायची ती खेळातून, घरी, रोज सहा तास, आणि एकाच माणसाच्या चेहऱ्यातून. बरेच चेहरे मिळाले तर गोंधळ होतो म्हणे. त्यासाठी केंद्राने एक जाड मऊ गादी दिली आणि तीन कॅमेऱ्यांचा खांब. पालकाचा चेहरा किती स्पष्ट आहे, मूल किती वेळ बघतं, हे मोजून यंत्र प्रत्येक बैठकीनंतर शंभरपैकी आकडा दाखवायचं. आमची दोघांचीही चाचणी झाली. प्रणालीला अठ्ठावन्न मिळाले. तिच्या कपाळावर क्षणोक्षणी काहीतरी उमटत असतं. मध्येच काळजी, मध्येच कसली तरी आठवण. मला त्र्याण्णव मिळाले. दुकानात अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेढे आणवले.

प्रणाली त्या दिवशी एवढंच म्हणाली की मुलगी माझ्याशीही खेळते हं. मी तिला हसून सांगितलं की ही काय शर्यत आहे का.

केंद्राने एक पुस्तिका दिली होती. बेचाळीस दिवस पालकाने चेहऱ्यात बदल करू नये. दाढीमिशी, चष्मा, केस आहेत तसे ठेवावेत. बैठकीच्या वेळी गादीवर दुसरं कुणी बसू नये. आणि सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं, खेळताना पालकाचा चेहरा प्रसन्न असावा. ते वाचून मला बरं वाटलं होतं. इतर कलमं पाठ करावी लागली, हे एक मला वीस वर्षांपासून येत होतं.

पहिले आठ दिवस काही झालं नाही. जुई बटणाकडेच बघे. मी चेंडू सरकवला, डबे वाजवले, घोडा झालो. नवव्या दिवशी गावाहून माझ्या आईने पाठवलेलं जुनेर मी गादीवर आणलं. जुनी इरकल साडी, हजार धुण्यांनी मऊ पडलेली. नातीला पांघरायला म्हणून तिने श्रीपादबरोबर, माझ्या धाकट्या भावाबरोबर, पाठवली होती. तिला अजून खोबरेलाचा आणि मिश्रीचा वास होता. मी पदर तोंडावर घेतला, आतून "बुवा, बुवा" केलं आणि "कुक" म्हणून बाहेर आलो. आई मला असंच खेळवायची, याच साडीत की दुसऱ्या ते आठवत नाही. तिसऱ्या वेळी जुईने बटणाकडचे डोळे उचलले आणि पदराकडे बघितलं. अकराव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने पदर ओढला, आणि पहिल्यांदा, माझ्या अडीच वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग एक बोट पुढे करून माझी मिशी चाचपली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे मी आजही नाकारत नाही. सतराव्या दिवशी तिने मला लुटुपुटूचा चहा दिला. मी "कडू, कडू" म्हणून तोंड वाकडं केलं तर तिनेही केलं. एकोणिसाव्या दिवशी ती खदखदून हसली. प्रणाली दाराआडून बघत होती आणि रडत होती. मी आईला व्हिडिओ पाठवला. आईने उलट निरोप पाठवला की पोरगी तुझ्यावर गेली, तूही असाच दात दाखवायचास. जुईचं एवढं झालं की मी स्वतः गावाला येतो आणि तिला तुझ्या मांडीवर घालतो, असं मी तिला कबूल केलं होतं.

तेविसाव्या दिवशी सकाळची बैठक चालू होती. फोन स्वयंपाकघरात वाजला. थोड्या वेळाने प्रणाली दारात येऊन उभी राहिली. तिच्या तोंडावर सगळं आलं होतं. माझी आई परसात धुणं वाळत घालताना कोसळली आणि तिथेच गेली, हे मला नंतर कळलं. पण आई गेली एवढं त्या क्षणी कळलं. बैठकीची वीस मिनिटं उरली होती. मी ती वीस मिनिटं पूर्ण केली. डबे रचले, पाडले, पुन्हा रचले. बैठक संपल्यावर यंत्राने त्र्याण्णव दाखवले.

श्रीपादचा पुन्हा फोन आला.

"दादा, निघालास न्हवं? तू येस्तवर थांबतो आम्ही. चारपर्यंत पोच."

"मी येत नाही, श्रीपाद. अग्नी तू दे."

"काय बोलायलास? थोरला तू हैस."

"मला डोकं आणि मिशी काढता येत नाही. अजून एकोणीस दिवस."

हे वाक्य मी माझ्या भावाला, आईचं प्रेत दारात असताना म्हणालो. त्याने फोन ठेवला.

प्रणाली मला समजावत होती. एकदा इनामदारबाईंना विचारू, म्हणाली. एखाद्या दिवसाची सूट असेल, काही मार्ग असेल. त्यात विचारायचं काय, सगळं छापलंय, असं मी म्हणालो. मुंडन करून आलो तर चेहरा बदलणार, न करता गेलो तर गावात उभं राहू देणार नाहीत, आणि तिथे चितेसमोर उभा राहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी प्रसन्न कसा दिसणार? तिने शेवटी माझा हात धरला आणि म्हणाली, "मग इथं तरी रड. माझ्यासमोर रड." मी म्हणालो की या घरात एकोणीस दिवस कुणी रडायचं नाही. तिलाही मी बजावलं. ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली, मग पिशवी भरून एकटीच गावाला गेली. सुनेने जाऊन थोरल्या मुलाची बाजू सावरायची, तीही मिशीच्या कारणाने. तिला तिथे काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिने मला अजून पुरतं सांगितलेलं नाही.

शेजारच्या बायका भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. सुतक पाळतो आहे, पण बसायला कुणी येऊ नका, मुलीचं औषध चालू आहे, असं सांगितलं. हसूनच सांगितलं असणार, कारण त्यातली एक दुसरीकडे बघायला लागली होती.

त्या दुपारी जुई आईचं जुनेर ओढत गादीवर घेऊन आली. तिला बुवा-कुक हवं होतं. दुसरा कुठला खेळ ती घेईना. मी पदर तोंडावर घेतला. खोबरेलाचा आणि मिश्रीचा वास तसाच होता. पदराआड माझं तोंड आपोआप वेडंवाकडं झालं. मी दात आवळले, तीन-चार श्वास कसेबसे घेतले, डोळे त्याच पदराला पुसले आणि "कुक" म्हणून हसत बाहेर आलो. हे मला जमलं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला. कॅमेऱ्यांना पदर दिसत होता आणि मग हसरा चेहरा दिसत होता. त्या बैठकीला शहाण्णव आले, तोवरचा सगळ्यांत मोठा आकडा.

पुढचे एकोणीस दिवस असेच गेले. दिवसाला तीस-चाळीस वेळा तरी ती पदर पुढे करायची. आत मी आईला रडून घ्यायचो आणि बाहेर मुलीला हसून दाखवायचो. दहाव्याला कावळा शिवला नाही, तासभर वाट बघून शेवटी दर्भाचा करावा लागला, असा श्रीपादने गावाहून परतलेल्या प्रणालीच्या फोनवर एका ओळीचा निरोप पाठवला. तो मी वाचला आणि दहा मिनिटांनी गादीवर बसलो. त्या सुमाराला जुईला एक सवय लागली. मी पदराआड असताना ती पुढे सरकायची आणि माझ्या छातीवर तळहात टेकवून बसायची. मला वाटलं, माया. केंद्राच्या अहवालातही "स्पर्शातून जवळीक, उत्तम प्रगती" असंच आलं.

बेचाळिसावा दिवस संपला. केंद्रातल्या चाचण्यांत जुईने सगळ्यांना चाट पाडलं. ती डोळ्यांत बघत होती, नक्कल करत होती, बोटाने दाखवत होती. पहिल्या तुकडीतल्या अकरा मुलांत तिचा निकाल सर्वांत वरचा. सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा ठरला. डॉक्टर, नर्स, पालक असे वीसेक लोक तिच्याभोवती जमले आणि हसले. जुई ताठ झाली, तिचे डोळे या तोंडावरून त्या तोंडावर फिरले आणि तिला उभ्या उभ्या लघवी झाली. गर्दीला घाबरली असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो.

घरी ती बोलायला लागली. आई म्हणाली, बाबा म्हणाली, हट्टसुद्धा करायला लागली. पण मी हसत तिच्याजवळ गेलो की तिचा चेहरा पडायचा. ती धावत यायची, माझ्या छातीवर हात ठेवायची आणि हमसून हमसून रडायची. बालवाडीत ताई हसून "ये ग" म्हणाल्या की ही दप्तराआड लपायची. आणि एखादं मूल पडून भोकाड पसरलं की ही शांतपणे त्याच्या शेजारी जाऊन बसायची, स्वस्थ, कधी कधी हसरी. दोन पालकांनी तक्रार केली की तुमची मुलगी दुसऱ्याच्या रडण्याला हसते. प्रणालीने एक दिवस मला न सांगता करून बघितलं. जुईसमोर आधी हसली, मग कांदा चिरून डोळ्यांतून पाणी काढलं. संध्याकाळी मी दुकानातून आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसली होती. म्हणाली, मी उद्या हिला मिरजेला नेते, तू आलास तर ये.

इनामदारबाईंनी जुईच्या बोटाला पट्टी लावली आणि तिला चेहऱ्यांची चित्रं दाखवली. रडका चेहरा आला की नाडी संथ. रागावलेला आला की थोडी वर. हसरा आला की अशी धावायची की बाईंनी चौथ्या चित्राला पडदा बंद केला. मग त्यांनी मला विचारलं, त्या दिवसांत घरी काही झालं होतं का?

मी सांगितलं. पदराचंही सांगितलं. बाईंनी समोरची फाईल मिटली.

"तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"पुस्तिकेत होतं, प्रसन्न चेहरा."

"अहो, प्रसन्न म्हणजे उगाच चिडू नका, कंटाळा दाखवू नका. आई गेल्यावर हसा असं कोण सांगेल? तुम्ही रडला असतात तर ती रडणं शिकली असती. रडून झाल्यावर माणूस पुन्हा हसतो, हेही शिकली असती. तीन दिवस गावाला जाऊन आला असतात तरी चाललं असतं. डोकं काढून आला असतात तरी तिने तुम्हाला ओळखलं असतं, तोवर जोडणी झाली होती."

मग त्या समजावून सांगायला लागल्या, पहिल्या दिवशीसारखंच, पण या वेळी कागदावर चित्र काढलं नाही. यंत्र फक्त चेहरा बघत होतं. मूल सगळा माणूस बघत होतं. छातीचे ठोके, तुटलेला श्वास, थंड पडलेले हात, आवाजातला कंप. मेंदू पुन्हा तान्हा झालेल्या मुलीला पदराआडचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यानंतर दर वेळी हसू दिसत होतं. शेकडो वेळा तिने ते एकापाठोपाठ एक बघितलं. "ती चुकीचं काहीच शिकलेली नाही. तुमच्या हसण्याचा अर्थ तेव्हा जो होता तोच तिने घेतला. आता जाळी धरली." चूक आमच्या मोजण्याचीही आहे, असं बाई स्वतःहून म्हणाल्या. पुढच्या तुकडीत पालकांच्या छातीला पट्टा बांधायचं ठरलं. त्या तुकडीतल्या पालकांना मी बघितलं आहे. बाहेरच्या बाकावर बसले होते, सगळे प्रसन्न.

परत करता येईल का, हे मी विचारलंच. उत्तर मला माहीत होतं. पक्का रंग म्हणजे काय ते मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. साडी फाटेल पण रंग जाणार नाही.

परतीच्या वाटेवर प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. जुई तिच्या मांडीवर झोपली होती. सांगली जवळ आल्यावर ती म्हणाली, "माझं हसू खरं होतं, अवधूत. मला अठ्ठावन्न मिळाले, पण ते खरं होतं. आता मलाही तिच्यासमोर हसता येणार नाही."



आता आमचं घर असं चालतं. आम्ही दोघं जुईसमोर तोंड सरळ ठेवतो. तिच्या वाढदिवसाला पाहुण्यांना आधी सांगून ठेवतो. ते बिचारे मयताला आल्यासारखे उभे राहून केक खातात. दूरदर्शनवर काय लावायचं ते आधी बघून ठेवतो. पूर्वी मी दुःख चपलांबरोबर दुकानाबाहेर ठेवायचो, आता हसू दुकानातच ठेवून घरी येतो. ती गोड मुलगी आहे. शब्द भराभर शिकते, गाणी म्हणते, माझ्या ताटातला पापड पळवते आणि मी कसा बघतो ते चोरून बघते. अशा वेळी हसू आवरणं किती कठीण जातं हे अण्णांना सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही. मोठी झाल्यावर शाळेत, कामावर, कुणी तिच्याकडे बघून प्रेमाने हसेल तेव्हा काय होईल, याचा विचार मी दिवसा करतो आणि तो कुठेच पोचत नाही.

आईचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा मी श्रीपादला न विचारता गावाला गेलो. प्रणाली आणि जुईलाही नेलं, आणि जुईला झोपताना लागतं म्हणून ते जुनेरही. श्रीपाद ओट्यावर बसून पत्रावळी मोजत होता. त्याने मान वर केली.

"आता आलास होय."

"डोकं काढायचं आहे," मी म्हणालो.

तो उठून आत गेला. मला वाटलं दार लावून घेणार. पण तो पाट आणि तांब्या घेऊन बाहेर आला, न्हाव्याला हाक मारली आणि पाट स्वतःच्या हाताने परसात मांडला, जिथे आई पडली होती तिथेच. न्हाव्याने आधी मिशी काढली, मग डोकं. श्रीपाद शेजारी उभा राहून डोक्यावर पाणी ओतत होता. तिसऱ्या तांब्याला त्याचा हात माझ्या टाळूवर जरा थांबला, आणि मी फुटलो. एकोणीस दिवस पदराआड तुकड्या-तुकड्याने रडलेला माणूस उघड्यावर, चारचौघांत, तोंड वासून रडायला लागला. तोंडातून आई एवढंच येत होतं. श्रीपादने तांब्या खाली ठेवला आणि तोही माझ्या शेजारी बसला.

प्रणाली जुईला आत न्यायला पुढे झाली, पण जुई तिचा हात सोडवून माझ्याकडे आली. बिनमिशीचं, बिनकेसांचं, वेडंवाकडं झालेलं माझं तोंड तिने न घाबरता बघितलं. बोटाने मिशीची जागा चाचपली. मग सवयीने छातीवर तळहात टेकवला आणि वाट बघितली. माझं अंग रडत होतं आणि तोंडही रडत होतं. त्या दोन्हींचं एक जमल्यावर तिचे खांदे सैल पडले. ती माझ्या ओल्या मांडीवर चढून बसली, मागे रेलली, आणि हसली. एकोणिसाव्या दिवशी हसली होती तशी, खदखदून. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं.

बाप होतो मी. माझ्याही तोंडावर हसू यायला लागलं. ते खरं होतं, आतून येत होतं, पण तिला त्यातला फरक कधीच कळणार नव्हता. ते पुरतं उमटायच्या आत मी प्रणालीच्या खांद्यावरचं आईचं जुनेर ओढलं आणि तोंडावर घेतलं.

बाहेरून एक छोटा हात पदराला चाचपत होता.

"बुवा, बुवा," जुई म्हणाली.

मी पदर आतून घट्ट धरून ठेवला आणि हसू ओसरायची वाट बघत बसलो.